जुनी फियाट घरच्या घरी : इच्छुकांसाठी मार्गदर्शन

प्रस्तुत मार्गदर्शन प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची, चार सिलिंडरची आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली गाडी. तिला रीतसर 'पद्मिनी' म्हणणारा मनुष्य एकतर नवखा समजावा किंवा गाडी विकायला निघालेला. बाकी सगळे तिला फियाटच म्हणतात. संगणकावर चालणाऱ्या हल्लीच्या गाड्यांच्या मालकांनी पुढे वाचण्याची तसदी घेऊ नये. त्यांनी बॉनेट उघडावे, काचेवर मारायचे पाणी भरावे आणि बॉनेट लावून घरात जावे.

थोडा इतिहास पाठ असावा. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. गाडी सुरू होत नसताना जमलेल्यांना हे सांगितल्याने वेळ बरा जातो. शिवाय त्याला व्यावहारिक बाजूही आहे. टॅक्सी होत्या तोवर फियाटचा फॅनबेल्ट मागताना कोणी मान वर करून बघत नसे. आता दुकानदार आधी आपल्याकडे बघतो, मग गाडीकडे, आणि मग पोटमाळ्यावर पोऱ्या चढवतो.

दुरुस्तीला रविवार सकाळ उत्तम. स्पेअर पार्टची दुकाने बंद असतात, त्यामुळे वाटेल तो भाग बदलून टाकण्याचा मोह आपोआप टळतो. (पुणेकरांना ही सोय नाही. त्यांचा जुना बाजार नेमका रविवारी भरतो.) दुसरे म्हणजे सोसायटीतले सगळे सल्लागार त्या दिवशी घरी असतात. त्यांना बोलवावे लागत नाही. बॉनेटचा आवाज पुरतो.

आता निदान. पेट्रोल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसे कॉम्प्रेशन. पैकी काय नाही हे शोधायचे. शोधताना फुकटातल्या शक्यतेपासून निघून खर्चिक शक्यतेकडे जायचे. शास्त्र एवढेच आहे, आणि म्हणूनच ते कोणाला मान्य नसते. प्रघात नेमका उलटा आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका पायऱ्या उतरता उतरताच म्हणतात, "हेड गॅस्केट गेलं तुमचं." हे ऐकून चौथ्या मजल्यावरचे साहेब इंजिन उतरवायला सांगतात. आपण मान डोलवावी. मंडळी चहाला वर गेली की टाकीत पेट्रोल आहे का ते बघावे. जुन्या फियाटचा काटा हा पुरावा नसून मत असते. टाकीत काठी घालून बघणे बरे.

पेट्रोल आहे आणि स्टार्टर नुसता 'कट्' करून गप्प बसतो, तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साठली आहे का पाहावे. आधी निगेटिव्हची तार सोडावी, गरम पाणी ओतावे, ब्रशने घासावे, कोरडे करावे, निगेटिव्ह शेवटी जोडावी आणि वर व्हॅसलीन फासावे. खर्च शून्य. म्हणून हे कोणी बघत असताना करू नये. लोकांचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

स्टार्टर गरगर फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर आपण या विद्येच्या गाभाऱ्यात आलो. डिस्ट्रिब्युटर. त्याच्या झाकणावरून चार प्लगना चार तारा जातात. त्यांचा क्रम १-३-४-२ असा असतो. झाकण नुसते क्लिपा दाबून तारांसकट बाजूला करता येते, पण आपण तारा उपटणारच. तेव्हा उपटण्यापूर्वी खुणा कराव्यात. खुणा कोणी करत नाही, कारण चारच तर तारा आहेत, लक्षात राहतील.

झाकण निघाल्यावर रोटर उचलावा. खाली पॉइंट दिसतात: दोन इवल्याशा धातूच्या टिकल्या, एकमेकींना टेकून उघडझाप करणाऱ्या. त्या उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. त्या काळ्या पडल्या असतील, एकीवर खड्डा आणि दुसरीवर त्याच मापाचा उंचवटा आला असेल, तर पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासाव्यात आणि स्वच्छ फडक्याने पुसाव्यात. खड्डा महिन्याभरात परत आला तर दोष टिकल्यांचा नसून बहुधा कंडेन्सरचा असतो.

मग फट लावायची. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आली पाहिजे, त्यासाठी इंजिन किंचित किंचित फिरवावे लागते. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागून बोटभर ढकलावी. सल्लागारांचा उपयोग होतो तो इथेच, आणि नेमके इथेच त्यांना घरून हाका येतात. फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी. ती मापायला फिलर गेज नावाची पोलादी पात्यांची जुडी मिळते. ती आपण घेतलेली असते, पण रविवारी सापडत नाही. अशा वेळी घरात पुठ्ठा शोधावा. लग्नपत्रिकेबाबत मात्र सावध असावे. बेताच्या लग्नाची पत्रिका कामचलाऊ ठरते. बिल्डरच्या मुलीच्या लग्नाची घातली तर फट इतकी रुंद होते की कॉइलला भरायला वेळच मिळत नाही, आणि ठिणगी मरतुकडी पडते.

ठिणगी तपासायची तर प्लग काढून, तारेला लावून, इंजिनच्या पत्र्याला टेकवावा आणि आत कोणाला तरी चावी फिरवायला बसवावे. इथे घरातली व्यक्ती लागते. संवाद ठरलेला असतो.

"फिरव!"

"फिरवू?"

"थांब!"

"मग आधी फिरव का म्हणालात?"

प्लग उघड्या हाताने धरू नये. हजारो व्होल्टचा झटका बसल्यावर जे शब्द तोंडातून निघतात ते सोसायटीत दीर्घकाळ लक्षात ठेवले जातात. जवळपास पेट्रोलचा डबाही ठेवू नये, हे मात्र अजिबात गमतीने सांगत नाही. काढलाच आहे तर प्लगचा रंगही बघून घ्यावा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर उत्तम. काळा कोरडा थर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, चोक अडकलेला असेल. तेलकट ओला म्हणजे ऑइल वर चढते आहे आणि पुढचा खर्च मोठा आहे. सायलेन्सरचा धूर निळा असेल तर तोच निकाल. धूर पांढरा, दाट आणि गाडी तापली तरी न थांबणारा असेल, शिवाय रेडिएटरचे पाणी गुपचूप कमी होत असेल, तर वर जाऊन दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची माफी मागावी.

उन्हाळ्यात, विशेषतः खंबाटकीसारख्या घाटात, गाडी धापा टाकून बंद पडते आणि सुरू होत नाही. पेट्रोलचा पंप इंजिनलाच लटकलेला असतो. तो तापला की पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत बसतो. त्यावर ओले फडके गुंडाळून वाट बघावी. याच वेळात काही उत्साही माणसे रेडिएटरचे झाकण उघडतात. उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर येते.

ब्रेक घरी करू नयेत. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नये. जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नव्हे. एवढे दोन नियम पाळले की बाकीच्या चुका पैशांत भरून निघतात.

एवढे सगळे करूनही गाडी सुरू झाली नाही आणि चावी मारताच कार्बोरेटरमधून फटाका वाजू लागला, तर सोमवारी फिटरला बोलवावे. तो येण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत. नखांतले काळे जात नाही, म्हणून हात खिशात ठेवावेत. "कोणी हात लावला होता का?" असे तो विचारेल. "नाही बुवा," म्हणावे. तो डिस्ट्रिब्युटरकडे बघेल, मग आपल्या खिशांकडे बघेल, काही न बोलता तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या तारांची अदलाबदल करील आणि चावी मारायला सांगेल. इंजिन लागेल. तो मागेल तेवढे पैसे द्यावेत, आणि काका ऐकू शकतील एवढ्या आवाजात म्हणावे, "मला तेच वाटत होतं."