लॉगपंडित

काशीत ब्रह्माघाटावर आमचा एक आत्येभाऊ राहतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याचे आजोबा तीर्थोपाध्ये. यात्रेकरूला आधी गाव, मग आडनाव विचारायचे आणि नेमकी वही काढून त्याच्या पणजोबांची सही त्याच्यापुढे धरायचे. नातू एका कचेरीचे सर्व्हर सांभाळतो. आधी आयपी विचारतो, मग पोर्ट. धंदा तोच, वह्या बदलल्या.

ही जात हल्ली प्रत्येक कचेरीत एखादी असते. ‘‘कसा आहेस?’’ विचारलं तर ‘‘रात्री दोन वॉर्निंग होत्या’’ म्हणणारी. लॉगमध्ये ‘फेल्ड पासवर्ड, इन्व्हॅलिड यूजर’ अशा हजारभर ओळी बघून नवी पोरं घाबरतात. दादा म्हणतो, ‘‘अरे, हे घाटावरचे मल्लाह. ‘नाव चाहिए, बाबूजी?’ येणाऱ्याजाणाऱ्याला विचारणारच. आपण बसलो नाही म्हणजे झालं.’’

पण एका ओळीनं त्याचीही झोप उडवली. मध्यरात्री १२:४० ला ‘लिंक डाऊन’, दोन मिनिटांनी ‘लिंक अप’. रोज. साहेबांना हॅकरचा वास आला. बिचाऱ्या रात्रपाळीच्या चौकीदाराची तर उलटतपासणी झाली. दादानं मघई पान लावलं. पान तोंडात असेतो बनारसी माणूस बोलत नाही. हा तर मराठी असून बोलत नाही. पाव तासानं पिंक टाकून म्हणाला, ‘‘सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचचं आहे. साडेपाच तास मिळवा.’’

म्हणजे सकाळचे ६:१०. दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच दादा कुल्हड घेऊन गच्चीवर. उन्हं आली तशी एक माकडीण पिल्लू पोटाशी धरून आली आणि दोन इमारतींमधल्या केबलवर बसली. लिंक डाऊन. पिल्लाच्या उवा काढून झाल्या, उठली. लिंक अप.

यात नवल कसलं? २०१५ मध्ये घाटावर वायफायसाठी टाकलेली ऑप्टिकल फायबर इथल्या माकडांनी कुरतडून टाकली होती. दोन महिन्यांच्या आत बदलावी लागली. जगभर छापून आलं होतं. ही बाई नुसती बसायची, हा तिचा सोज्वळपणा.

साहेबांनी अहवालात कारण लिहिलं, ‘बाह्य हस्तक्षेप’. दादानं खाली शेरा मारला : ‘गाव संकटमोचन. आडनाव तपासत आहे.’

केबल आता लोखंडी नळीतून जाते. घड्याळ मात्र त्यानं ग्रीनिचवरच ठेवलंय. का, विचारावं तर तोंडात पान.