फाउंडेशनवाला

आसनगाव स्टेशनाबाहेर उभ्या गाड्यांपैकी एखादीचं इंजिन चालू असेल आणि तिचा आरसा, नंबरप्लेट आणि चालकाचा खालचा जबडा एकाच तालात थरथरत असेल, तर आत फाउंडेशनवाला बसलाय हे खुशाल समजावं. "दादा, इंजिन फार हलतंय का?" असं मात्र त्याला विचारू नये. इंजिन अजिबात हलत नाही. तोच तर त्याचा पराक्रम. बाकी सगळं हलतं.

वासिंदपासून खर्डीपर्यंत आणि इकडे सरळगाव, टोकावड्यापर्यंत ह्या वाणाचा एखादा तरी माणूस गावागणिक सापडतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. मुरबाड एमआयडीसीत शिफ्टची नोकरी केलेली किंवा अजून चालू असलेली. खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. आणि दारात एक गाडी, जी कधीकाळी पळायची. कुणाकडे प्रीमियरची 118 एनई असते, म्हणजे फियाटच्या सांगाड्यात निसानचं इंजिन. कुणाकडे काँटेसा असते. पण ह्या पंथाच्या शिखरावर जो बसलेला असतो, त्याच्याकडे सॅन स्टॉर्म असते.

समृद्धी महामार्गात शहापूर तालुक्यातल्या बऱ्याच जमिनी गेल्या. मोबदला हाती आल्यावर कुणी बंगला बांधला, कुणी फॉर्च्युनर घेतली, कुणी मुलीचं लग्न तीन दिवस चालवलं. फाउंडेशनवाल्याने सात माणसांच्या कुटुंबासाठी दोन सीटची गाडी आणली.

स्टॉर्म ही सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीला बाजारात आणलेली देशी स्पोर्ट्स कार. फायबरची बॉडी, डोक्यावर कापडी छप्पर, पुढे रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन, ताकद साधारण 60 हॉर्सपॉवर. कापडी छप्पर आणि माळशेजचा पाऊस यांची सोयरीक कशी जमायची, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नसावा. आईने तो विचारला नाही, पण गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून दुसरा विचारला.

"मागचं दार कुठाय?"

"आई, स्पोर्ट्स कार आहे."

"मग भाताची गोणी कुठं घालायची?"

गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यातच फाउंडेशनचं दुखणं निघालं. इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं त्या रबरी आधारांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. स्टॉर्मसारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत साधारण तीन असतात: एक इंजिनाच्या अंगाला, एक गिअरबॉक्सच्या अंगाला आणि एक खाली, पीळ अडवायला. दोन लोखंडी तुकडे आणि त्यांच्यामध्ये भट्टीतच लोखंडाला चिकटवलेलं रबर, एवढाच हा पार्ट. पण काम दुहेरी. शंभर-सव्वाशे किलोचं धूड तोलायचं आणि त्याची थरथर आत येऊ द्यायची नाही. वर पहिल्या गिअरला चाकांकडे जाणारा पीळ इंजिनाच्या स्वतःच्या पिळाच्या दहा पटींवर जातो, त्याची उलटी लाथही ह्यांनाच खायची. उष्णतेने रबर कडक होऊन चिरतं, गळतं ऑइल लागलं की फुगतं, आणि मग एक दिवस लोखंडापासून सुटतं. स्टॉर्मचं सुटलंच होतं. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरला क्लच जरा सोडला की इंजिन जागेवरून उठून बघायचं.

मिस्त्रीने सरळ उपाय सांगितला. "दादा, टेम्पोचं फाउंडेशन आहे माझ्याकडे. ब्रॅकेटला एक भोक वाढवलं की बसतंय." फाउंडेशनवाल्याच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं, ते जमीन जातानाही उमटलं नव्हतं. टेम्पोचं! पुढच्या रविवारी तो कसारा लोकल पकडून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेला. जुन्या पार्टांचा तो समुद्र. प्रीमियरची फियाट जिथे जन्मली त्या कुर्ल्यात पद्मिनीचं काहीही मिळतं. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर गेली, तरी तिची रबरं अजून दोऱ्याला टांगलेली दिसतात. स्टॉर्मचं नाव काढल्यावर मात्र एका दुकानदाराने, "कुठली कंपनी? पंख्याची?" असं विचारलं. परतीच्या लोकलमध्ये त्याचा निश्चय झाला. घरीच बनवायचं.

इथे त्याच्या वडिलांची भातगिरणी मध्ये येते. शहापूर-मुरबाडकडची भातगिरणी म्हणजे पत्र्याची शेड, लांबलचक पट्टा आणि डिझेलवर चालणारं एक काळं इंजिन, बऱ्याचदा किर्लोस्करचं. ते काँक्रीटच्या ओट्यात बोल्ट गाडून बसवलेलं. ओटा जेवढा जड तेवढी गिरणी चांगली. "बाबांचं इंजिन तीस वर्षांत केसभर हललं नाही," हे वाक्य ह्या घरात मोठ्या अभिमानाने उच्चारलं जातं. अशा घरात वाढलेल्या माणसाला, इंजिन रबराच्या तीन तुकड्यांवर लोंबकळतंय आणि ते तसं लोंबकळावं म्हणून कुणा इंजिनिअराने मुद्दाम डोकं खपवलंय, हे पटायचं कसं? त्याच्या कोशात चांगल्या वस्तूला एकच विशेषण: मजबूत. दार मजबूत, बैल मजबूत, जावई मजबूत. तर फाउंडेशनही मजबूतच हवं. मऊ असणं हाच ज्याचा गुण, असा पार्ट त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

मोटारींच्या दुनियेलाही ही गोष्ट सहजी पटलेली नव्हती. सुरुवातीची कित्येक वर्षं इंजिन चौकटीला जवळपास थेट आवळलेलं असे आणि प्रवासी दातावर दात दाबून बसत. 1931 साली अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबरावर अशा बेताने टांगलं, की ते स्वतःच्या वजनाच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेभोवती मोकळं डोलू शकेल. नाव दिलं ‘फ्लोटिंग पॉवर’. फ्रान्सच्या सिट्रोएनने ती कल्पना परवाना घेऊन उचलली आणि जाहिरातीत पाण्यावर तरंगणारा हंस काढला. फाउंडेशनवाल्याने शहापुरात बसून मोटारविद्येला पुन्हा 1931 च्या मागे नेऊन ठेवलं. हंस बुडवला.

पहिलं मॉडेल खडीक्रशरच्या कन्व्हेयर बेल्टचं. बेल्ट फुकटात मिळतो, हे त्याचं पहिलं मोल. जुनं फाउंडेशन घोड्यांवर चढवलेल्या गाडीखालून सोडवलं, त्याचं रबर गॅसच्या ज्योतीने जाळून काढलं (त्या संध्याकाळी आळीतल्या कुणीही खिडकी उघडली नाही), आणि रिकाम्या कवचात बेल्टच्या चकत्या एकावर एक रचून मधून बोल्ट काढला. अमेरिकेतले हौशी लोक ह्याच कामाला आइस हॉकीची चकती वापरतात. तीही भक्कम रबराची, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. म्हणजे विचारात गफलत नव्हती. पण कन्व्हेयर बेल्टच्या पोटात कापडाचे थर असतात, ते ताणाला उत्तम आणि दबायला नाखूश. गाडी सुरू झाली आणि डॅशबोर्डवरचं गणपतीचं स्टिकर दोन दोन दिसू लागलं.

दुसऱ्या मॉडेलच्या वेळी आयटीआय झालेल्या पुतण्याने मोबाइलवरून ज्ञान आणलं: पॉलियुरेथेन. दोन डब्यांतली द्रव्यं एकत्र करायची, जुन्या फाउंडेशनच्या पोकळीत ओतायची, दुसऱ्या दिवशी रबर तयार. जगभरच्या जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांचा हा खरोखरच आवडता उद्योग आहे आणि नीट केला तर जमतोही. पुतण्याने एवढंच सांगितलं नाही, की ह्यातलं एक द्रव्य पाण्याला फार हावरट असतं. ओल मिळाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. आणि हे ओतकाम चाललं होतं जुलैत, मुरबाडच्या मामाच्या पडवीत, बाहेर धो धो कोसळत असताना. तासाभरात पोकळीतून ढोकळ्यासारखं काहीतरी फुगून वर आलं आणि ताटलीभर पसरलं. वहिनींनी बोट लावून बघितलं. "फोडणी देऊ?"

खरं सांगायचं तर तो ढोकळा त्याने आजवर केलेल्या फाउंडेशनांत सगळ्यात मऊ होता. आठवडाभर तरी गाडी त्यावर सुखाने चालली असती. पण त्याने अंगठ्याचं नख रोवलं, नख रुतलं, आणि त्याने तो उकिरड्यावर फेकला.

ही नखाची परीक्षा समजून घ्यायला हवी. वडील म्हशाच्या जत्रेत बैलाचे दात बघून वय सांगायचे, हा रबरात नख रोवून दर्जा सांगतो. शास्त्रातही तसंच आहे म्हणा. शोअर-ए मापाचं यंत्र एक बोथट खिळा रबरात दाबतं आणि तो किती रुततो ते आकड्यात सांगतं. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग 60 ते 70 च्या घरात येतो आणि कंपनीच्या फाउंडेशनचं रबर सहसा त्याहून मऊ, 50 च्या आसपास. फाउंडेशनवाल्याच्या नखाची कसोटी मात्र फार कडक. नख तुटलं तर माल पास.

तिसरं मॉडेल काचेच्या पीयूचं, म्हणजे गाडीची पुढची काच चिकटवायला वापरतात त्या काळ्या सीलंटचं. हे हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, म्हणून पावसाळा उलट फायद्याचा असं गणित त्याने मांडलं. गणित अर्धं बरोबर होतं. वरून कातडी धरली, पण आत दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच्या हिशेबाने आणि तेही पुढे पुढे मंदावत जाणारं काम. चार सेंटिमीटरचा गोळा आतपर्यंत पिकायला दसरा उजाडला असता. त्याने तो नागपंचमीलाच बसवला. शेणव्याच्या पुढच्या चढावर आतला कच्चा माल बाहेर आला आणि सायलेन्सरवर पडून जो वास सुटला, त्याने मागचा एसटीवाला ओव्हरटेक न करता थांबला.

शेवटी तो एमआयडीसीजवळच्या ओळखीच्या लेथवाल्याकडे गेला आणि जाडजूड नायलॉनच्या रॉडमधून तीन बुश काढून घेतले. नायलॉन शोअर-एच्या पट्टीवर नीट मोजताच येत नाही, त्याला शोअर-डी ही वेगळी पट्टी लागते. नख तुटलं. माल पास.

पुतण्याने दबकत हरकत घेतली. त्यावर फाउंडेशनवाल्याने जो दाखला दिला, तो चुकीचा नव्हता ही पंचाईत. 1967 साली झांडफूर्टच्या शर्यतीत लोटस 49 उतरली, तिचं कॉसवर्थ इंजिन रबरावर नव्हतंच. ते गाडीचाच एक भाग म्हणून सरळ आवळलेलं होतं, मागची चाकंही त्यालाच जोडलेली. जिम क्लार्कने ती पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली. "फॉर्म्युला वनला चालतं, आपल्याला का चालू नये?"

"त्यांना दीड-दोन तास चालवायची असते," वहिनी आतून म्हणाल्या. "आम्हाला कल्याणला डेंटिस्टकडे जायचंय."

नायलॉनवरची पहिली फेरी शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड अशी ठरली. चार सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला दोनदा ठोका देतं. गाडी उभी असताना मिनिटाला 850 फेरे धरले, तर सेकंदाला 28 ठोके. रबर हे ठोके पोटात घालतं. नायलॉन ते जसेच्या तसे पुढे पाठवतं. फायबरच्या बॉडीने ते आनंदाने स्वीकारले आणि वाढवून परत दिले. गिअरचा दांडा पकडला की हाताला मुंग्या यायच्या. आरशात मागचा डंपर एक आहे की दोन हे कळेना, तेव्हा दोन्हींना वाट दिली. किन्हवलीला नंबरप्लेटचा नट पडला, सरळगावला डाव्या दिव्याची तार तुटली. मुरबाडला पोहोचल्यावर ब्रॅकेटभोवतीच्या फायबरला केसाएवढ्या चिरा दिसल्या. शेजारी बसलेला पुतण्या उतरल्यावरही थोडा वेळ बोलताना कापत होता.

"पण इंजिन बघ," फाउंडेशनवाला बॉनेट उघडून म्हणाला. "हललं का?"

नव्हतं हललं.

परतताना किन्हवलीला चहासाठी थांबले, तिथे टपरीशेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने सीटमागे पडलेल्या पहिल्या मॉडेलच्या चकत्या पाहिल्या. क्रशरच्या बेल्टच्या, बोल्टाने आवळलेल्या, ज्यांनी गणपती दोन केले होते त्याच. त्याने एक हातात घेऊन दाबली, जमिनीवर आपटली. त्याची चक्की फरशीवर सरकत सरकत दर दोन-तीन दिवसांनी दारापर्यंत यायची. "दादा, चार द्या की माझ्या चक्कीखाली."

फाउंडेशनवाला आधी दुखावला. स्पोर्ट्स कारसाठी घडवलेला माल आणि चक्कीखाली! मग भाव निघाला, तेव्हा तो थोडा कमी दुखावला. चक्की सरकायची थांबली, ही बातमी दळणाच्या डब्यांबरोबर गावोगाव गेली. घरघंटीवाल्या बायका विचारायला लागल्या, एका लेथवाल्याने त्याच्या ड्रिल मशीनसाठी माप पाठवलं, डोळखांबच्या भातगिरणीवाल्याने तर मजबूत हवेत असं वर बजावलं. वहिनींनी दोनशे पानी वही घातली आणि उधारी बंद केली. क्रशरवाला आता बेल्टचे पैसे मागतो.

स्टॉर्म अंगणात घोड्यांवर आहे. तिच्या कापडी छपरावर कापलेल्या चकत्या धुऊन वाळत घातलेल्या असतात, आईने सीटमागच्या जागेत शेवटी एक भाताची गोणी बसवून दाखवली आहे. गाडी कधी होणार असं कुणी विचारलं, तर फाउंडेशनवाला ग्राइंडरवरून मान वर न काढता सांगतो, "होईल हो. आधी टोकावड्याची आठ द्यायचीत."