महामार्गावर राहून सिनेमा कसा काढावा : नवशिक्यांसाठी सूचना

वडनेर भोलजीत राहून सिनेमा शिकायचा असेल तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा अर्ज भरण्याआधी हायवेवर उभं राहून दोन्हीकडे नीट बघावं. रस्ता ओलांडायचा म्हणून बघतोच आपण. पण पूर्वेला अकोला-अमरावतीवरून हाच रस्ता नागपूरला जातो, आणि पश्चिमेला जळगाव मागे टाकून धुळ्याला, जिथून मालेगाव तासाभरावर आहे. दोन्ही टोकांना सिनेमाची एकेक शाळा आहे. फी नाही, इमारत नाही, दाखला कोणी मागत नाही.

आधी ड्रोनचं बघून घेऊ, म्हणजे पुढचं डोक्यात शिरेल. लग्नसराई संपली की फोटोग्राफर मित्राचा ड्रोन रिकामाच पडलेला असतो. तो हातात आला की आपोआप नांदुऱ्याकडे उडतो आणि पहिला शॉट 105 फुटी हनुमानाचा होतो. घेऊन टाका, मनात राहायला नको. एडिटिंगला बसल्यावर काढून टाका.

आता विषय. बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाला बुलढाणा जिल्हा म्हटलं की भेगाळलेली जमीन लागते आणि तिच्याकडे एकटक बघणारा म्हातारा लागतो. तरुणही लागतो, पण पाठमोरा. त्याला संवाद नसतात, त्याच्या वतीने बासरी बोलते. असा सिनेमा काढायचा असेल तर ही मार्गदर्शिका इथेच मिटवा. तुम्हाला काही कमी पडणार नाही.

ज्या पोट्ट्याला आवाज मिळवून द्यायला हे लोक येतात, त्याच्याजवळ संध्याकाळी स्टँडवर पाच मिनिटं उभे राहा. एक पोलीस भरतीचा कटऑफ तोंडपाठ सांगतो. दुसरा चाकणहून चार दिवसांच्या सुट्टीवर आलेला असतो. तिथं एका खोलीत किती जण राहतात आणि शिफ्ट बदलली की गादीवरचा माणूस कसा बदलतो, हे तो इतक्या मजेत सांगतो की ऐकणारे हसून बेजार. गावात असताना तो गावाच्या कडेला राहत होता, आता शहराच्या कडेला राहतो. हा माणूस मुका नाही. त्याचं बोलणं स्टँडवरच संपतं, एवढीच अडचण आहे, आणि कॅमेरा त्यासाठीच लागतो.

तर पश्चिमेची शाळा. मालेगावात नासिर शेख यांचं व्हिडिओ पार्लर होतं. सिनेमा काढण्याआधी हा माणूस वर्षानुवर्षं प्रेक्षकांमध्ये बसला होता, कुठे शिट्टी पडते आणि कुठे माणूस विडी प्यायला बाहेर जातो हे त्याला ठाऊक होतं. 2000 साली त्यांनी हौशी लोकांना घेऊन, लग्नाच्या शूटिंगला वापरतात तसल्या कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलवर आले. गब्बरचा रबरसिंग झाला. बघायला यंत्रमागावरचे कामगार होते, ज्यांना शुक्रवारी सुट्टी असते. सिनेमा कोणासाठी, हा प्रश्न तिथं कोणाला पडलाच नाही. आपल्याकडे कथा सुचण्याआधी महोत्सवाचा फॉर्म डाउनलोड होतो.

पुढे त्यांनी सुपरमॅन केला. त्याची तयारी फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात आहे. प्रत्येक नवशिक्याने तो बघावा आणि बघताना वही जवळ ठेवावी. क्रेन हवी? बैलगाडी घ्या, बैल सोडा, जू असतं त्या टोकाला कॅमेरावाल्याला बसवा आणि मागून चौघांनी दाबा. ट्रॅकिंग शॉट सायकलवरून होतो. आणि सुपरमॅन कोण, तर शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण. या सुपरमॅनला दमा आहे, कारण मालेगावच्या हवेत दुसरं काय होणार? खलनायकाला घाण प्रिय आहे. गावाचं सगळं दुखणं त्यात आलं, आणि लोक हसत होते. (2011 मध्ये शफीक कर्करोगाने गेला. एवढ्या वाक्यापुरता विनोद बाजूला.) पुढे मुंबईला या मंडळींवरच सिनेमा काढावासा वाटला, रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. तुमच्यावरही कोणी काढेल. तोवर त्या आशेवर कर्ज मात्र काढू नका.

पूर्वेच्या शाळेत भाषा शिकवतात. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये वस्तीतल्या पोरांचा फुटबॉल सुरू केला, आणि त्यावरून नागराज मंजुळे यांनी 2022 मध्ये ‘झुंड’ आणला. समोर अमिताभ बच्चन असूनही नागपूरच्या वस्तीतली ती पोरं आपल्याच बोलीत बोलली, आणि खरं सांगायचं तर बच्चनच थोडे पाहुणे वाटले. त्याआधी ‘फॅन्ड्री’साठी मंजुळेंना नायक जब्या सापडला तो हलगी वाजवणाऱ्या सोमनाथ अवघडेमध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात जयंत सोमलकरांनी ‘स्थळ’ केला. पडद्यावर बहुतेक गावकरीच, आणि 2023 मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला.

वऱ्हाडी पोट्ट्याने हे नीट ध्यानात घ्यावं. टीव्हीवर कोणी ‘काहून’ म्हटलं की लोक आधीच हसायला बसतात, मग तो मयताची बातमी का सांगत असेना. म्हणून आपले नवे लेखक घाबरून पात्रांना पुण्याची भाषा देतात. तुमच्या नायकाने आईला ‘आई, मी निघतो गं’ म्हटलं, तर वडनेरातली खरी आई विचारेल, ‘कोन बोलून रायलं बे हे?’

पॅरिसच्या कडेच्या मोंफर्मेय वस्तीत वाढलेले दिग्दर्शक लाज ली यांनीही कॅमेरा आधी आपल्याच इमारतींखाली, आपल्याच दोस्तांवर आणि वस्तीत येणाऱ्या पोलिसांवर रोखला. 2019 मध्ये त्यांच्या ‘ले मिझराब्ल’ला कानमध्ये ज्युरी पारितोषिक मिळालं. त्याच्या आदल्या वर्षीच त्यांनी त्या भागात फुकट सिनेमा शिकवणारी शाळा काढली होती. आपल्याकडे असं यश मिळालेला माणूस आधी अंधेरीत फ्लॅट बघतो.

थोडं तांत्रिक. चित्र मोबाइलवर चालेल, आवाज चालणार नाही. कॉलरला लावायचा माइक घ्या; नाहीतर हायवेलगत नायिका काय म्हणाली हे फक्त ट्रकवाल्याला कळेल. ट्रक थांबवायला जाऊ नका, संवाद थांबवा. वेळेचं म्हणाल तर याच महामार्गावर अमरावती-अकोल्यादरम्यान 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. तुमची बारा मिनिटांची शॉर्टफिल्म त्याहून जास्त वेळ खाईल. लाजू नका.

खेळ गावातच लावा, गणपती मंडळाचा पडदा मागून आणा. यूट्यूबवर नंतर टाका. पडदा हलेल, मध्येच कोणी ‘अबे, हा तर आपला गोट्या!’ म्हणून ओरडेल आणि पुढची दोन मिनिटं कोणालाच काही ऐकू येणार नाही. ती जागा दिग्दर्शकाने लिहून ठेवावी.

राहिली अवघड सूचना. इतका वेळ ‘तरुणांचा आवाज’ म्हणत आपण पोरांचाच हिशेब केला. मालेगावातही नायिका बाहेरून आणाव्या लागल्या, कारण गावातली मुलगी कॅमेऱ्यासमोर येईना. ‘स्थळ’ची गोष्ट मात्र दाखवण्याच्या कार्यक्रमात बसवलेल्या मुलीची आहे, आणि ते काम नंदिनी चिकटेने केलं. तेव्हा मुलगी मिळत नाही म्हणून भावाला साडी नेसवू नका. तिच्या घरी विचारायला जा, पण चार दोस्त घेऊन मोटारसायकलवर नको. आपल्या आईला सोबत न्या. वाटेत आई विचारेल, ‘आधी मले सांग, त्या पोरीले करायचं काय हाय तुह्या शिनेमात?’ दोन वाक्यांत सांगता आलं तर दार वाजवा. ‘ती नुसती खिडकीत उभी राहते आणि हिरो तिच्याकडे बघतो’ एवढंच निघालं, तर तिथूनच मागे फिरा आणि गोष्ट पुन्हा लिहायला घ्या. या वेळी आई म्हणेल तसं.