वर्ग तीन, लेव्हल बारा

आमच्या कोयनानगरच्या कॉलनीत नव्या माणसाला नाव नंतर विचारत. आधी विचारत, "क्वार्टर कुठलं?" क्वार्टरवरून वर्ग कळे आणि वर्गावरून आईला कळे, चहा कुठल्या कपात द्यायचा. बाबा वर्ग तीन. पुढे सरकारनं 'वर्ग' काढून 'गट' केला, एक-दोन-तीन-चारचं अ-ब-क-ड झालं. कप तेच राहिले.

त्यामुळे कराडच्या आतेभावानं 'डायब्लो टू'ची सीडी आणली तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही. गेम सुरू केला की पाच वर्ग समोर हजर: अ‍ॅमेझॉन, नेक्रोमॅन्सर, बार्बेरियन, सॉर्सरेस, पॅलाडिन. एक निवडा आणि मरेपर्यंत तेच राहा. बार्बेरियन कितीही लेव्हल चढला तरी सॉर्सरेसची जादू त्याला शिकता येत नाही.

बाबा चहा पीत मागे उभे राहत.

"हा हाडकुळा कोण?"

"नेक्रोमॅन्सर. मेलेल्यांना उठवून कामाला लावतो."

"म्हणजे मार्चअखेर याच्याकडे."

एकदा टाकलेले स्किल पॉइंट तेव्हा परत काढता येत नसत. बाबांना हे लगेच पटलं. "सेवापुस्तकातली नोंद. खाडाखोड चालत नाही."

या सगळ्याचं मूळ 1974 चं. अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद-फाशांचा खेळ निघाला, त्यात तीनच वर्ग होते: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. चोराचं पद 1975 मध्ये मंजूर झालं. बाबांच्या मते चोराला एवढा उशीर अमेरिकेतच होऊ शकतो.

मग 2011 मध्ये 'स्कायरिम' आला. मी जाहीर केलं, "बाबा, यात वर्गच नाहीत. अठरा कौशल्यं आहेत. जे कराल त्यात वाढाल."

बाबांनी पेपर खाली घेतला. "कोयनेत बिनवर्गाचा एकच कारभार, भूकंप. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेपासून बघतोय. धक्का बसला की साहेब आणि शिपाई एकाच मैदानात, बनियनवर."

पहिला आठवडा मी हवेत होतो. तलवार चालवली, जादू केली, कुलपं उघडली. लोहारकाम वाढावं म्हणून ऐरणीवर लोखंडी सुऱ्यांचा ढीग पाडला. बाबा त्याला रोजंदारी म्हणत. पण तिसऱ्या खेपेला एक गोष्ट ध्यानात आली. जादूगार म्हणून सुरुवात करा नाहीतर पैलवान म्हणून, माझा नायक शेवटी अंधारात उकिडवा बसून बाण मारत असे. ज्याला काहीही होता येतं, तो सोयीचं तेच होतो. आमच्या कॉलनीतली पोरं नाही का, आवड कुठलीही असो, शेवटी इंजिनिअरिंगलाच गेली!

तेव्हा वर्गच बरे, असा निकाल मी लिहायलाच घेतला होता. पण जुलैच्या एका रात्री पाऊस असा कोसळला की धरणाची भिंतसुद्धा दिसेना, आणि 1960 मेगावॅटच्या प्रकल्पाच्या उशाशी आमचे दिवे गेले. बाबांनी मामांना हाक मारली.

मामा म्हणजे ऑफिसातले शिपाई. वर्ग चार. सगळ्या कॉलनीचे मामा. इरलं दारात टेकवून ते आत आले. आईनं अंधारात हाताला लागेल त्या कपात चहा दिला. तो पिऊन मामांनी टॉर्च दातात धरला, फ्यूजचं किटकॅट ओढून काढलं, जुन्या वायरीतली एक तार सोलून बसवली आणि दोन पीळ दिले. लख्ख उजेड. तेव्हा दिसलं, मामांच्या पुढ्यातला कप साहेबांचा होता.

जाता जाता त्यांनी न्हाणीतली धामण काठीवर उचलून कुंपणापलीकडे सोडली आणि पत्रा कुठं गळतो तेही सांगून ठेवलं.

"मामा, हे सगळं शिकलात कुठं?"

"शिकायला कोण बसलंय? करत गेलो, येत गेलं."

स्कायरिमचं अख्खं गणित त्यांनी दारात इरलं घेता घेता सांगून टाकलं. त्या रात्री बाबा आणि मी मामांची कौशल्यं मोजायला बसलो. गवंडीकाम, वायरिंग, साप, अडलेली गाय, लग्नातला आचारी. बावीसवर गेल्यावर झोप आली.

मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांचं सेवापुस्तक बाबांनी पाहिलं. हुद्द्याच्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच शब्द होता: शिपाई.