जुन्या ग्राफिक्स कार्डाचे व्होल्टवर्धन: एक शास्त्रोक्त विवेचन

ग्रंथारंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगाव्यात, असा आपल्याकडे दंडक आहे. अधिकारी: ज्याच्या कार्डाची वॉरंटी संपली आहे आणि नवे कार्ड मागितले तर घरातून काय उत्तर येईल हे ज्याला ठाऊक आहे, तो. विषय: एनव्हिडियाचे जीफोर्स 8800 जीटी, ऑक्टोबर 2007 मध्ये अवतरलेले, 65 नॅनोमीटरच्या चिपचे, मूळ वेग 600 मेगाहर्ट्झ. संबंध: पुढच्याच महिन्यात आलेला आणि भल्याभल्या कार्डांना धाप लावणारा ‘क्रायसिस’ हा गेम. प्रयोजन: तो गेम खेळणे. हे प्रयोजन पुढे मागे पडते, पण शास्त्रात ते चालते.

पूर्वपक्ष म्हणतो, सॉफ्टवेअरमधली पट्टी सरकवली की वेग वाढतो. कार्डाला हात कशाला लावायचा? उत्तर असे की, पट्टीने वेग थोडाच वाढतो. त्यापुढे ट्रान्झिस्टरांना नेमून दिलेल्या वेळात 0 चा 1 करणे झेपत नाही आणि पडद्यावर नको तिथे रंगीत ठिपके उमटतात. त्यांनी चटकन पलटावे असे वाटत असेल तर व्होल्टेज वाढवणे आले. पूर्वपक्ष निकालात निघाला.

व्होल्टेज वाढवणाऱ्यांचे दोन संप्रदाय आहेत. सोल्डरवादी कार्डावर बारीकसा व्हेरिएबल रेझिस्टर जोडतात. पेन्सिलवादी कार्ड बंद करून एका नेमक्या रेझिस्टरवर मऊ शिशाची पेन्सिल फिरवतात. ग्राफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे रोध घटतो. व्होल्टेज कमी पडत असल्याचा कार्डावरच्या व्होल्टेज-नियंत्रकाला भास होतो आणि तो बापडा इमानेइतबारे भरपाई करत राहतो. निव्वळ भ्रमातून मोजता येण्याजोगे फळ मिळाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. एक रेघ ओढावी, कार्ड चालू करून मल्टिमीटरने मोजावे; अति झाले तर बंद करून खोडरबर वापरावा.

आता हिशेब. चिपचा वीजखप वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, वेग 600 वरून 700 वर आणि व्होल्टेज 1.1 वरून 1.2 वर नेले. वेग वाढला सुमारे 17 टक्के, उष्णता सुमारे 39 टक्के. सेकंदाला 30 चित्रे दिसत होती, ती फार तर 35 होतील. मेमरीचा वेग तोच राहिला तर तेवढीही नाहीत.

म्हणून शीतलीकरण. मूळ कूलर एका स्लॉटात मावणारा, चपटा. तो काढून आर्क्टिकचा अ‍ॅक्सेलेरो एस1 बसवावा. याला लांबलचक पाती आहेत, पंखा नाही. केबिनेटचा 12 सेंटिमीटरचा पंखा त्याला केबल टायने बांधणे हा रूढ विधी आहे. मात्र मूळ कूलर मेमरीची आणि चिपचा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या मॉस्फेटांचीही उष्णता ओढायचा. नवा चिपपुरतेच पाहतो. त्यामुळे बाकीच्यांना छोटे हीटसिंक चिकटवावेत, नाहीतर चिप गार आणि मॉस्फेट ठार. थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी असे एक मत, वाटाण्याएवढी असे दुसरे. दोन्ही पक्षांची कार्डे चालतात, म्हणूनच वाद टिकून आहे.

शेवटी परीक्षा. फरमार्क नावाचा प्रोग्रॅम पडद्यावर एक केसाळ कडे फिरवत कार्डाला घाम फोडतो. साधक तापमानाचा आकडा पाहत कड्यासमोर रात्र काढतो, ठिपके दिसले की वेग किंचित उतरवतो आणि पुन्हा कडे लावतो. क्रायसिस बिचारा डेस्कटॉपवर वाट पाहतो.

फलश्रुती: जो हे यथासांग करील त्याला सेकंदाला जास्तीत जास्त पाच चित्रे अधिक मिळतील आणि थंडीत खोली उबदार राहील. आजच्या मध्यम किमतीच्या लॅपटॉपात प्रोसेसरमध्येच असलेला ग्राफिक्स भाग या कार्डाला, पेन्सिलीसकट, सहज मागे टाकतो. तेव्हा प्रयोजन गेमचे असेल तर लॅपटॉप घ्यावा. कड्याचे असेल तर 2बी पेन्सिल घ्यावी.