भांडी, बैल आणि बॅरिस्टर

जप्ती आली की कर्जदाराच्या घरात काय शिल्लक ठेवायचे, याची यादी भारतात १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये सापडते. गरजेपुरते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला उतरवता न येणारे दागिने, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे यांना बेलिफाने हात लावायचा नसतो. यादी उदार आहे, पण तिच्यात वकील नाही. ही उणीव त्या वेळी कोणाला जाणवली नसावी. ज्याच्याकडे भांडी आणि बैल एवढेच उरतात, त्याच्या दारी वकील तसाही फिरकत नाही.

इंग्लंडमध्ये ही उणीव भरून निघाली. खटला चालू असताना प्रतिवादीने पैसा हलवू नये, म्हणून मालमत्ता गोठवण्याचा हुकूम तेथे १९७५ पासून रूढ झाला. मारेवा या जहाजकंपनीच्या प्रकरणात लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने तो दिला होता. अशा हुकमाने पैसा धनकोच्या पदरात पडत नाही. तो जागच्या जागी राहावा, इतकीच अपेक्षा असते. त्यामुळे प्रतिवादीला त्यातून दोन खर्च करता येतात: नेहमीच्या राहणीचा आणि वकिलाच्या वाजवी फीचा. फी देण्याआधी पैसा कोठून आणणार, हे मात्र समोरच्या वकिलांना कळवावे लागते. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. माणसाची तिजोरी बंद करून त्यालाच ‘आता लढ’ म्हणणे न्यायाला शोभणारे नाही. अडचण एवढीच, की नेहमीची राहणी ज्याची त्याची असते.

भारतीय बँकांचे कर्ज थकवलेले उद्योगपती विजय मल्ल्या यांची राहणी लंडनच्या न्यायालयाने मोजून दिली आहे. मार्च २०१६ मध्ये त्यांनी भारत सोडला. एप्रिल २०१७ मध्ये लंडनमध्ये त्यांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात स्टेट बँकेसह १३ भारतीय बँकांच्या अर्जावरून त्यांची जगभरातील मालमत्ता सुमारे ११४.५ कोटी पौंडांच्या मर्यादेपर्यंत गोठवण्यात आली. घरखर्चाला आठवड्याला ५,००० पौंड मंजूर झाले. ते पुरेनात, तेव्हा मर्यादा १८,३२५ पौंड ३१ पेन्सांवर नेण्यात आली. तेव्हाच्या दराने हे सोळा-सतरा लाख रुपये होतात. वरच्या ३१ पेन्सांवरून हिशेब किती काटेकोर होता, ते दिसते. पुढे २०१९ मध्ये मल्ल्या यांनी महिन्याला सुमारे २९,५०० पौंडांत भागवण्याची तयारी दाखवली. इतक्या काटकसरीनेही बँका द्रवल्या नाहीत.

त्यानंतर बँकांनी त्यांना दिवाळखोर ठरवण्याचा अर्ज रेटला. फ्रान्समधील त्यांचा बंगला विकून आलेला पैसा लंडनच्या न्यायालयाच्या कोषात पडून होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यातून सुमारे ११ लाख पौंड राहणी आणि वकील यांच्यासाठी काढू देण्यात आले. म्हणजे ज्या पैशावर बँकांचा डोळा होता, त्याच पैशातून बँकांच्या अर्जाला विरोध झाला. जुलैत दिवाळखोरी जाहीर झाली ती झालीच. दोन्हीकडच्या वकिलांचे कष्ट मात्र वाया गेले नाहीत.

प्रत्यार्पण ही निराळी वाट आहे आणि तिच्यावर वकिली मुक्काम बरेच आहेत. वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मल्ल्या यांच्याविरुद्ध कौल दिला, फेब्रुवारी २०१९ मध्ये गृहमंत्र्यांनी सही केली, एप्रिल २०२० मध्ये उच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचे दारही बंद झाले. पुढे एक गोपनीय कायदेशीर बाब आडवी आली. ती गोपनीय असल्याने तिचा खर्चही गोपनीय आहे. या वाटेवरच, मल्ल्या यांना जेथे ठेवायचे त्या मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ मध्ये उजेड किती येतो, हे वेस्टमिन्स्टरच्या न्यायाधीशांना चित्रफितीवरून नीट समजले. त्या बराकीच्या आसपास राहणाऱ्या मुंबईकरांच्या खोल्यांचे असे चित्रीकरण झालेले नाही.

पैसा हातात नसतानाही लढता येते, हे हिरे व्यापारी नीरव मोदी यांच्या प्रकरणात दिसते. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतून मिळवलेल्या हमीपत्रांवर हजारो कोटी उचलल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. मार्च २०१९ मध्ये लंडनच्या होबर्न भागात ते पकडले गेले तेही बँकेतच, खाते उघडायला गेले असताना. त्याच महिन्यात रायगड जिल्हा प्रशासनाने किहीमचा त्यांचा बंगला सुरुंग लावून पाडला आणि मुंबईत त्यांच्या संग्रहातील चित्रांचा लिलाव झाला. प्रत्यार्पणाविरुद्धचे अपील हरल्यावर त्यांच्यावर १,५०,२४७ पौंडांचा खर्च बसला. भारतातील मालमत्ता गोठल्यामुळे आपण उसनवारी करतो आणि महिन्याला १०,००० पौंड फेडतो, असे मार्च २०२३ मध्ये त्यांनी न्यायालयात सांगितले. या गतीने सोळावा हप्ता २४७ पौंडांचा येतो.

परदेशी पळणाऱ्या कर्जदारांच्या या दुखण्यावर भारताने २०१८ मध्ये फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा आणला. फरारी ठरलेल्याची मालमत्ता सरकारजमा होते आणि त्याला दिवाणी दावा लढवण्यासही न्यायालय मनाई करू शकते; मग वकिलाच्या फीचा प्रश्नच मिटतो. मात्र गुन्हा १०० कोटी किंवा त्याहून मोठा असावा लागतो, त्यामुळे बैलवाल्यांना हा मान मिळत नाही. जानेवारी २०१९ मध्ये या कायद्याखालचे पहिले नाव मल्ल्या यांचे ठरले.

त्यांच्या मालमत्तेतून १४,१३१ कोटी रुपये सरकारी बँकांना परत मिळाल्याचे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये पुढचे व्याज सोडून ६,२०३ कोटींचे देणे ठरवले होते. मल्ल्या यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि वसुलीचा हिशेब मागण्यासाठी कर्नाटक उच्च न्यायालयात अर्ज केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने बँकांना नोटिसा काढल्या. नोटिशीला उत्तर द्यायला बँकांनाही वकील लागतो.