बैलाचे दात आणि बॅटरीचे वय

जुनी विजेवरची मोटार म्हणजे मुळात जुनी बॅटरी. चाके, काचा आणि हिरवी नंबरप्लेट हे तिच्यासोबत येणारे सामान. काष्टीच्या बाजारात बैल चौदाती की जुळलेला हे पाहिल्याशिवाय रुमालाखाली हात न घालणारे नगरी गिऱ्हाईक इथे मात्र रंग पाहते, टायरला लाथ मारते, बॉनेट उघडते आणि आत इंजिन नाही याची खात्री पटल्यावर समाधानाने बंद करते. डिझेलगाडी धुरातून, आवाजातून कुरकुरत तरी असे. ही आजारपणातही गप्प.

हिचे दात आकड्यांत असतात. मूळ क्षमतेपैकी किती उरली, तो टक्का सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला कळतो. विकणाऱ्याला तो सहसा आठवत नाही. त्याला कागदावरचा पल्ला पाठ असतो. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची, प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर. चाचणीत करंजी घाट नसतो, एसी वाढवा म्हणणारे पाव्हणेही नसतात. नगरहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. ‘पुण्याला आरामात जाते’ या वाक्यात परतीचा उल्लेख नसतो, तो यामुळेच.

लिथियमला ऊन मानवत नाही; शंभर टक्के भरून मे महिन्यात पत्र्याखाली उभी ठेवणे तर मुळीच नाही. त्यामुळे ‘फक्त लग्नसराईत काढली’ ही गाडीची स्तुती नव्हे. शिवाय १२ व्होल्टची एक धाकटी बॅटरी असते. ती बसली, की तीनशे व्होल्टची थोरली भरलेली असूनही गाडी हलत नाही: साहेब हजर, शिपाई रजेवर.

जून २०२२ मध्ये वसईत एक नेक्सॉन ईव्ही पेटली; त्याच वर्षी स्कूटरही पेटत होत्या. बॅटरी-सुरक्षेचे कडक नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जुन्या गाडीत पाहायचा तो तळाचा बॅटरीचा डबा: पोचा, गंज, पुराच्या पाण्याची खूण. त्यासाठी ती रॅम्पवर चढवावी लागते. नगरच्या व्हीआरडीई या वाहन-संशोधन संस्थेत लष्करी वाहनांचा कस लागतो. खासगी जुन्या गाडीचा कस मेहुणा लावतो, गल्लीत एक चक्कर मारून. घरी चार्ज करताना अर्थिंग नसले, किंवा वीजच आकड्यावरची असली, तर धोका गाडीत नसून भिंतीत असतो.

बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर. काही कंपन्यांची ‘आजीवन’ हमी पहिल्या मालकापुरतीच असते. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. चार्जिंगची केबल कुठल्याच फॉर्मात नसते. ती जुन्या मालकाच्या माळ्यावर राहते.